बोटांचा मळ

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी झाहियाने प्रिंटरमध्ये कागद भरले आणि कोणी काही न सांगता प्रिंटरने एक पान बाहेर टाकलं. झाहिया टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. कागद भरणं तिचं काम नव्हतं, पण तिला एक पत्र छापून हवं होतं. तिने पान उचललं, वाचलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

पानावर नऊ नावं होती. प्रत्येक नावापुढे तो माणूस या आठवड्यात कुठे झोपतो ते लिहिलेलं होतं. कोपऱ्यात पानाचा आकडा होता, दोन. त्याखाली छापल्याची वेळ, १२:२२.

पहिलं पान कुठेच नव्हतं.

त्या वर्षी अल्जियर्समध्ये वर्तमानपत्रात काम करणारं कोणी आपल्या घरी झोपत नसे. जानेवारीत फोटोग्राफर अझुआवला अतिरेक्यांनी त्याच्या दारातच गाठून मारलं होतं, हातात पावाची पिशवी असताना. तेव्हापासून संपादक सी ताहर, म्हणजे ताहरसाहेब, ही यादी ठेवत असे आणि दर शनिवारी ती बदलत असे. यादी एकाच मशिनवर होती, मांडणी विभागातल्या तीन नंबरच्या. रोज चार वाजता सगळ्यांना सोडायला व्हॅन निघे आणि ड्रायव्हरला पत्ते तोंडी सांगितले जात.

सी ताहरने चौघांना आपल्या खोलीत बोलावलं. बाकी सगळे बारा ते एक खाली जेवणघरात होते. हिशेबनीसाच्या साखरपुड्याचं कुसकुसचं जेवण होतं आणि ताहर स्वतः त्यांच्या पंगतीत बसला होता. वरच्या मजल्यावर एवढे चौघेच राहिले होते.

पहिला लार्बी, फोटो दुरुस्त करणारा म्हातारा, ज्याला सगळे अम्मी म्हणजे काका म्हणत. दुसरा मुलूद, प्रूफरीडर, कुणाशीही न पटणारा. तिसरा स्लिमान, पेस्टिंग करणारा, तिशीचा, अबोल. आणि चौथी वर्दिया, जिला स्लिमान खालती म्हणजे मावशी म्हणे.

वर्दिया सेहेचाळीस वर्षांची विधवा. पूर्वी ती मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. शाळा जाळली गेल्यावर ताहरने तिला इथे मशिनं सांभाळायला ठेवलं. तिचं नाव गायब झालेल्या पानावर होतं, अकरावं. हुसेन दे मोहल्ला, शिंप्याच्या दुकानावरची खोली. तिच्या शेजारच्या खाटेवर तिची मुलगी झोपत असे.

"खालचं दार सकाळपासून बंद आहे," ताहर म्हणाला. "बाहेर कोणी गेलेलं नाही. झाहियाच्या बोर्डाशिवाय बाहेर फोन लागत नाही, आणि तिने एकही लावलेला नाही. म्हणजे ते पान अजून या इमारतीत आहे."

त्याने चौघांचे खिसे, पिशव्या, बूट पाहिले. झाहियाने वर्दियाची झडती घेतली तेव्हा वर्दियानेच आपली बटणं काढून दिली. काही सापडलं नाही.

"चार वाजता मी सुरक्षावाल्यांना फोन करणार," ताहर म्हणाला. "माझ्याकडे दुसरा उपाय नाही. ते चौघांनाही नेतील. तिथून सगळे परत येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको."

मग त्याने वर्दियाकडे पाहिलं. "बारा ते एक त्या खोलीची किल्ली तुझ्याकडे होती ना?"

२

होती. दर सोमवारी बारा वाजता वर्दिया मांडणीच्या खोलीतले माऊस उलटे करायची, त्यांच्या पोटाची झाकणं फिरवून आतले रबरी गोळे काढायची आणि ते तसराळ्यात घालून साबणाने धुवायला न्हाणीघरात न्यायची. बाराच का, तर नळाला पाणी बारा ते एक एवढंच येई. आजही ती पाच मिनिटांत गोळे काढून निघून गेली होती. खोलीला कुलूप लावलं नव्हतं. कधीच लावत नव्हती.

"माझ्यावर संशय घ्या, सी ताहर," ती म्हणाली. "पण आधी माझं एक ऐका. बारा बावीसला त्या खोलीत एकाही माऊसमध्ये गोळा नव्हता. पाचही माझ्या तसराळ्यात होते. मग तीन नंबरवर यादी उघडली कशी?"

"की-बोर्डवरून," मुलूद म्हणाला. "इन्स्पेक्टरीणबाई, छापायचं बटण की-बोर्डवरच असतं."

"छापायचं असतं. पण फाइलपर्यंत जायला बाण हलवावा लागतो. आपल्या मशिनवर त्याला दुसरा रस्ता नाही."

"गोळा नसला तर आतले रूळ बोटाने फिरवता येतात," स्लिमान हळूच म्हणाला. "खालती वर्दिया, तुम्हीच एकदा दाखवलं होतंत."

तेही खरं होतं. वर्दियाने ताहरला खोलीत नेलं आणि तीन नंबरचा माऊस उलटा करून त्याच्या हातात दिला. पोटातल्या खळग्यात स्पिरिटचा कापूस गच्च कोंबलेला होता, तिने बाराला कोंबला होता तसाच. रुळांवरचा मळ भिजून सुटावा म्हणून ती तो तास-दोन तास ठेवत असे. कापूस वाळून रुळांना धरून बसला होता. तो कोणी काढून परत घातला असता तर त्याचे तंतू असे सलग चिकटलेले राहिले नसते.

ताहरने चष्मा काढून कापूस पाहिला. "मग?"

वर्दियाची नजर खिडकीकडे गेली. खोलीत सहा मशिनं होती आणि माऊस पाच. सहाव्यावर अम्मी लार्बीचा ट्रॅकबॉल होता. लार्बीची बोटं सांधेदुखीने आखडलेली. माऊस धरता येत नाही म्हणून त्याच्या भावाने फ्रान्समधल्या मार्सेयहून ते यंत्र पाठवलं होतं. उलट्या माऊससारखं, लिंबाएवढा लाल गोळा वर, जागच्या जागी फिरणारा. त्याची वायर कुठल्याही मशिनला लागत असे.

बाराच्या सुमारास या खोलीत चालू शकेल असा तो एकच गोळा होता.

दारात उभ्या असलेल्या लार्बीने तिची नजर कुठे थांबली ते पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

३

"पोरी, मी झोपलो होतो," लार्बी म्हणाला. "कागदांच्या कोठारात. रोज झोपतो. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, अम्मी. तुम्हाला कोणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघायला येतं?" त्याने आखडलेले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "या वयात मला त्या तळघरात नेतील. मी काय सांगू त्यांना? विचारतील ते सगळं हो म्हणेन मी."

वर्दियाला त्याच्याकडे बघवेना. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. पलीकडे स्लिमान उद्याच्या पानांच्या तक्त्यांवर जाहिरातींचे तुकडे चिकटवत होता. छापखान्याची गाडी साडेतीनला येई आणि काहीही झालं तरी पेपर निघणार होता. मुलूद भिंतीला टेकून नुसता बघत होता.

"तुमचा ट्रॅकबॉल उघडू का?" तिने विचारलं.

"कालच तर तू साफ केलास."

"म्हणूनच उघडते."

माऊस टेबलावर फिरतो, त्याच्या पोटात साठतो तो टेबलाचा मळ. ट्रॅकबॉल हलत नाही, गोळ्यावर बोटंच फिरतात. त्याच्या आत जातो तो बोटांचा मळ. काल संध्याकाळी तिने हा गोळा स्पिरिटने पुसला होता, आतले रूळ दातकोरणीने खरवडले होते. आता आत जे असेल ते कालपासूनच्या बोटांचं असेल.

तिने वरची कडी फिरवली. गोळा उचलून तिने पांढऱ्या कागदावर ठेवला आणि खळग्यात डोकावली.

तळाशी तपकिरी चुरा पडला होता. तंबाखूचा.

ताहर तिच्या खांद्यावरून बघत होता. शम्मा खाणारा, म्हणजे ती वाटलेली तंबाखू चिमटीने ओठाखाली ठेवणारा, या मजल्यावर एकच माणूस होता.

"मुलूद," ताहर म्हणाला.

मुलूद भिंतीपासून सुटा झाला. "मी त्या यंत्राला हात लावलेला नाही," तो म्हणाला. "बारा ते एक मी माझ्या टेबलावर होतो. तिसऱ्या पानाची प्रुफं वाचत होतो. बघा जाऊन, खुणा आहेत."

"पंगतीत का आला नाहीस?"

"मला पंगतीत कोणी बोलावत नाही, सी ताहर. बोलावलं असतं तर आलो असतो."

ताहरने त्याला दंडाला धरून आपल्या खोलीत नेलं आणि दाराला बाहेरून किल्ली लावली. परत येऊन म्हणाला, "चारपर्यंत थांबायची आता गरज नाही. एकच माणूस देऊन भागेल."

तो झाहियाच्या टेबलाकडे, टेलिफोनकडे चालू लागला.

४

वर्दिया क्षणभर सुटल्यासारखी झाली. तळघर दुसऱ्याच्या वाट्याला गेलं होतं. ती संध्याकाळी मुलीजवळ असणार होती. मग त्या सुटकेचीच तिला शिसारी आली आणि ती पुन्हा खळग्यावर वाकली.

चुरा कोरडा होता. तिने कागदावर यंत्र उलटं करून टिचकी मारली, सगळा चुरा खाली पडला. एक कणही चिकटून राहिला नाही.

मुलूदच्या बोटांवरची तंबाखू नेहमी ओली असे. त्याच्या प्रुफांवर तिचे डाग पडत आणि त्यावरून त्याची रोज भांडणं होत. ओल्या बोटांनी त्याने हा गोळा फिरवला असता तर ती तंबाखू गोळ्याबरोबर आत ओढली गेली असती, रुळांवर दाबली जाऊन तिचं कडं झालं असतं. मळ असाच बसतो. इथे तर वरून कोणीतरी चिमूटभर भुरभुरली होती. ज्याने ती टाकली त्याला हे यंत्र आतून कसं दिसतं ते ठाऊक नव्हतं.

"सी ताहर," ती म्हणाली. "फोन करू नका. दहा मिनिटं द्या."

ताहरचा हात रिसीव्हरवर होता. त्याने तो उचलला नाही, पण हातही काढला नाही.

तिने दिवा जवळ ओढला. दोन रूळ. त्यांच्यावर आधी एक पातळ, पिवळट थर होता. तिने त्याचा वास घेतला. कापूर. लार्बीच्या सांध्यांचं मलम, कालचं संध्याकाळचं आणि आजचं सकाळचं. त्या थरावर, अगदी मध्ये, एक बारीक उठावदार कडं होतं. पांढरं. मलमाच्या वर होतं, म्हणजे लार्बीनंतरच्या हाताचं होतं, आणि त्याच्यावर पुन्हा मलम नव्हतं.

तिने दातकोरणी लावली. कडं चुऱ्यासारखं निघालं नाही, सुतासारखं वळत निघालं. तिने ते दोन बोटांत धरलं. बोटांच्या उबेने ते मऊ झालं.

मेण.

जाहिरातींच्या, मजकुराच्या पट्ट्यांच्या पाठीला गरम मेण लावून त्या तक्त्यावर चिकटवायच्या, हे काम या इमारतीत एकच माणूस करत होता.

वर्दियाने मान वर केली. स्लिमान तिच्याकडेच बघत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याच्यापुढे पानांचे तक्ते चपट्या पेटीत रचलेले होते आणि तो पेटीचे पट्टे आवळत होता. सगळ्यांचे खिसे तपासले होते, बूट तपासले होते. पेपर कोणी तपासला नव्हता. दहा मिनिटांनी छापखान्याची गाडी येणार आणि तीच पेटी ताहरच्या डोळ्यांदेखत बाहेर जाणार होती.

हा मुलगा चहात साखर कमी पडली तरी सांगायला लाजायचा. आणि आता तिने एक शब्द काढला की त्याला नेतील. नाही काढला तर मुलूदला नेतील, आणि अकरा दारांवर रात्री थाप पडेल, त्यातलं एक तिचं.

ती उठली आणि त्याच्या टेबलापाशी गेली.

"पेटी उघड, स्लिमान."

"गाडी येईल, खालती."

"येऊ दे. उघड."

त्याने पट्टे सोडले नाहीत. त्याच्या उजव्या हाताशी कागद कापायचं पातं होतं आणि दोघांनीही ते एकाच वेळी पाहिलं. मग स्लिमानने पात्यावर तळहात ठेवला, ते टेबलावरून सरकवत तिच्या बाजूला ढकललं आणि पेटी उघडली.

"शेवटचं पान," तो म्हणाला. "उजवीकडे खाली."

तिथे गाद्यांच्या कारखान्याची मोठी जाहिरात होती. वर्दियाने पात्याने तिचा एक कोपरा उचलला. जाहिरातीच्या खाली, मेणावर, घडी घातलेला कागद पालथा चिकटवलेला होता.

५

ताहरने पान हातात घेतलं, अकरा नावं मोजली आणि खुर्चीत बसला. झाहियाने मुलूदच्या दाराची किल्ली फिरवली तो आवाज ऐकू आला.

"कोणाला देणार होतास?" ताहरने विचारलं.

"माहीत नाही," स्लिमान म्हणाला. "छापखान्यात कोणीतरी काढून घेणार होतं. मला फक्त जागा सांगितली. शेवटचं पान, उजवीकडे खाली."

"कोणी सांगितली?"

"दोघे होते. शुक्रवारी पावाच्या रांगेत माझ्या मागे उभे राहिले. त्यांना फुलाचं नाव माहीत होतं, माझ्या बायकोचं. कितवा महिना आहे ते माहीत होतं. कुठल्या दवाखान्यात जाते, कुठल्या बसने जाते. यादीत माझाही पत्ता आहे, सी ताहर. पहिलं पान आलं आणि कागद संपला. मी थांबलो, मग पावलं वाजल्यासारखी झाली म्हणून पळालो. मी पान वाचलेलं नाही. पालथं धरूनच चिकटवलं. मला कुणाचाही पत्ता माहीत नाही, विचारा."

"आणि तंबाखू?" दारातून मुलूद म्हणाला.

स्लिमानने त्याच्याकडे पाहिलं नाही. "खालती वर्दिया पाण्याला गेल्या की खोलीत कोणी नसतं, म्हणून आजचाच दिवस धरला होता. ट्रॅकबॉल वापरल्याचं कळेल असं नंतर वाटलं. तुमच्या टेबलावर डबी उघडी होती, तुम्ही पाठमोरे वाचत होता. मला दुसरं काही सुचलं नाही."

"सुचलं ते पुरेसं होतं," मुलूद म्हणाला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ताहर उठला. त्याने जाहिरातीचा कोपरा स्वतःच्या अंगठ्याने दाबून परत बसवला. आता तिच्याखाली काही नव्हतं. त्याने पेटी बंद केली आणि झाहियाकरवी खाली पाठवून दिली. छापखान्यात पान शोधणाऱ्याला ते मिळालं नाही हे कळायला निदान सहा वाजले असते.

मग तो टेलिफोनपाशी गेला.

"त्याला दिलंत," वर्दिया म्हणाली, "तर ते त्याच्याकडून त्या दोघांची नावं मागतील. त्याला ती ठाऊक नाहीत. मागतच राहतील. आणि सहानंतर फुला घरी एकटी असेल."

"आणि नाही दिलं तर? अकरा माणसं आहेत, वर्दिया. तू आहेस. तुझी मुलगी आहे."

"मला माहीत आहे." तिने टेबलाची कड धरली. "आम्ही सगळेच आज दुसरीकडे झोपू. अकराच काय, वीसही. ते आपल्या हातात आहे. तो परत यावा हे आपल्या हातात राहणार नाही."

ताहर मुलूदकडे वळला. "तुझ्या मानेवर आलं होतं. तू बोल."

मुलूदने खिशातून डबी काढली, उघडली आणि न खाताच बंद केली. "बोट किती वाजता सुटते?" त्याने विचारलं.

"मार्सेयची? आठला."

"तिथे माझा भाऊ आहे," लार्बी कोपऱ्यातून म्हणाला. इतका वेळ तो तिथे आहे हे सगळे विसरले होते.

चार वाजता व्हॅन निघाली तेव्हा ड्रायव्हरला वीसही नवे पत्ते ठाऊक नव्हते, कारण अजून ते कोणालाच ठाऊक नव्हते. ताहरने त्याला एकच पत्ता सांगितला, स्लिमानच्या घराचा, बेलकूरचा. मागे वर्दिया, मुलूद आणि त्यांच्या मध्ये स्लिमान. प्रत्येक चौकात गाडी हळू झाली की वर्दिया फुटपाथवरच्या माणसांचे हात बघत होती, चेहरे नाही.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पावाच्या दुकानासमोर दोन तरुण मोटरसायकलला टेकून उभे होते. ते तेच असतील किंवा नसतील. स्लिमानने त्यांना पाहिलं आणि तो सीटवरून उठूच शकला नाही.

"तुझा चेहरा त्यांच्या ओळखीचा आहे," मुलूद म्हणाला. "माझा नाही. कितवा मजला?"

"तिसरा. हिरवं दार. पण ती अनोळखी माणसाला उघडणार नाही."

"तिला काय सांगू?"

स्लिमानने विचार केला. "सांगा, पाळण्याला हिरवाच रंग देऊ. शुक्रवारपासून त्यावरून बोलत नाही आहोत आम्ही."

मुलूद उतरला. दोन तरुणांच्या मधून, नेहमीच्या आपल्या चिडक्या चालीने, त्यांना "वाट सोडा जरा" म्हणत गेला. वर्दियाने तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बघितल्या, मग नजर काढून घेतली, कोणी तिची नजर पकडेल म्हणून. सात मिनिटं झाली. आठ. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नव्हतं. नवव्या मिनिटाला एक तरुण मोटरसायकलवरून उतरून दाराकडे गेला, आत डोकावला आणि पाव घेऊन परत आला.

मग मुलूद दिसला. त्याच्या एका हातात पेटारा होता, दुसरा हात एका पोटुशीच्या कोपराखाली. तिच्याशी तो मोठ्याने भांडत होता, बहिणीला सासरी नेणाऱ्या भावासारखा, उशीर झाला म्हणून, पेटारा जड म्हणून. तरुणांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

व्हॅनचं दार उघडलं. फुला आत वाकली, नवऱ्याला पाहिलं आणि तिला रडू फुटलं. स्लिमान पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणू लागला, मुलूदच्या हाताला हात लावू लागला. मुलूदने हात काढून घेतला आणि पेटारा त्याच्या मांडीवर ठेवला.

"सरक," तो म्हणाला. "तिला बसू दे."